सात नंबरची नळी

रक्त आत असलं की सायंटिस्टला त्याची अजिबात भीती नव्हती. आत ते गपगुमान फिरतं, कुणाला दिसत नाही, कुणाचं काही बिघडवत नाही. भानगड सुरू व्हायची ते बाहेर आलं की. दाढी करताना ब्लेड जरासं लागलं तरी हा आधी खाली बसायचा आणि मग आरशात न बघता, अंदाजानं, गालाला तुरटी फिरवायचा. जखम डाव्या गालाला आणि तुरटी उजव्या गालाला, हे कितीदा झालं असेल त्याची मोजदाद नाही.

आणि हा माणूस विद्यापीठात मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीच्या कोर्सला अर्ज करत होता. म्हणजे तीन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्यांचं रक्त. बाहेर आलेलं.

आता असं का, तर एका शाळेनं भंगारात काढलेला, पाय मोडलेला एक मायक्रोस्कोप त्याला मिळाला होता. तो त्यानं स्वतःच दुरुस्त केला आणि त्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून बघितला. त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात शिरेना. क्लास नाही, मास्तर नाही, एका जुन्या पुस्तकावर अभ्यास करून त्यानं प्रवेश परीक्षा दिली. जागा साठ, ह्याचा नंबर अठ्ठावन्नावा. म्हणजे मागे फक्त दोन माणसं आणि मग खड्डा. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. सगळे कागद शुक्रवारी दुपारी एकच्या आत दिले तर जागा त्याची, नाहीतर एकसष्टाव्याची. हा एकसष्टावा कोण ते त्याला माहीत नव्हतं, पण तो कुठेतरी बसून आपल्याला सर्दी व्हावी म्हणून वाट बघतोय असं त्याला सारखं वाटायचं.

सायंटिस्ट हे नाव त्याला नऊ वर्षांचा असताना पडलं. त्यानं घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून परत जोडलं होतं. दोन स्क्रू उरले. तेव्हापासून ते घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे पळतं, आणि शेजारचे टाइमकीपर काका रोज सकाळी येऊन ते मागे करतात. काका कारखान्यात टाइमकीपर होते. आता रिटायर झालेत, पण वेळ त्यांना सोडत नाही. जिन्यात कुणी भेटलं की "बरा आहेस ना?" च्या ऐवजी "आठ सतरा झाले" असं म्हणतात.

तर अर्ज. शनिवारी तो अर्ज घेऊन विद्यापीठाच्या खिडकीवर गेला. खिडकीतल्या बाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि रकाना क्रमांक चौदाशी येऊन थांबल्या.

"शरीरावरची ओळखखूण?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे तीळ, व्रण असं काही नाहीच मला."

"असं कसं? उद्या तुमच्या जागी दुसराच कुणी येऊन बसला तर आम्ही ओळखायचं कसं? कागद आणि माणूस एकच आहे हे कळायला नको?" त्यांनी अर्ज परत सरकवला. "खूण शोधून आणा. आणि डॉक्टरांचा दाखला कुठाय? हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट. लॅबचा रिपोर्ट जोडायचा. पुढचे."

सायंटिस्टच्या कानात फक्त एक शब्द वाजत राहिला. रिपोर्ट. रिपोर्ट म्हणजे लॅब, लॅब म्हणजे सुई. हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या रक्ताचा विचार तो प्रवेश मिळाल्यावर करणार होता. स्वतःचं इतक्या लवकर मागतील असं त्याला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर आधी खुणेचा शोध सुरू झाला. बाहेरच्या खोलीत त्याला शर्ट काढून उभं केलं. ताई हातात टॉर्च घेऊन फिरत होती.

"पाठीवर होता रे तीळ," आई म्हणाली. "लहानपणी मी स्वतः बघितलाय."

"आई, ते चॉकलेट होतं," ताई म्हणाली. "मीच पुसलं होतं."

तेवढ्यात शेजारच्या काकू, म्हणजे टाइमकीपर काकांच्या मिसेस, विरजण मागायला आल्या. कुणी शर्ट काढून उभं असलं तर माणूस मागे फिरतो. काकूंनी चष्मा लावला. "बघू," म्हणाल्या, "माझी नजर बारीक आहे." सायंटिस्टनं भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि आपण इथे नाही आहोत अशी कल्पना केली. तेवीस वर्षांच्या माणसाची अब्रू किती वेळ टॉर्चच्या उजेडात टिकते? साधारण चार मिनिटं.

खूण सापडली नाही. काकूंनी जाताना निकाल दिला, "फारच कोरा आहे हो मुलगा."

सोमवारी लॅब. टाइमकीपर काकांनाही त्यांची शुगर तपासायची होती. पाच वर्षं गोळ्या चालू होत्या त्यांना. शिवाय सहा महिने ते रोज गच्चीवर उलटं चालत होते. उलटं चाललं की साखर उतरते असा त्यांचा स्वतःचा शोध होता. "दोघं बरोबरच जाऊ," ते म्हणाले. "सहा चाळीसला निघायचं. सहा एक्केचाळीसला मी नसेन."

लॅबच्या दारात काका जरा थांबले, कारण तिथलं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं आणि ते त्यांना सहन होईना. ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघेपर्यंत सायंटिस्ट पुढे गेला आणि टोकन त्याच्या हातात आलं. सात. काकांना आठ. काकांचं तोंड उतरलं. आयुष्यात ते कुणाच्या मागे उभे राहिले नव्हते.

आत पडद्याआड लॅबवाल्या बाई कामात होत्या. टेबलावर लाकडी स्टँड, त्यात ओळीनं काचेच्या नळ्या. प्रत्येक नळीवर टोकनचा नंबर आणि नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली. सकाळी गर्दी असते, एकेकाला नाव विचारत बसलं तर दुपार होईल. म्हणून बाई आधीच सगळं लावून ठेवायच्या आणि नुसता नंबर पुकारायच्या. पडदा जरा उडाला आणि सायंटिस्टला सहा नंबरच्या माणसाची नळी दिसली. भरलेली.

तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"सात!"

"काका," सायंटिस्ट म्हणाला, "तुम्ही जा आधी."

"अरे, तुझा नंबर आहे."

"छे छे. वडीलधारी माणसं थांबणार आणि मी जाणार? मला नाही बरं वाटत."

काका एका क्षणात उठले. जाताना बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात संस्कार."

मग "आठ!" झालं. आता मागे कुणी वडीलधारं नव्हतं. सायंटिस्ट आत गेला, खुर्चीत बसला, डोळे घट्ट मिटले आणि सतराचा पाढा म्हणायला लागला. पाढा निम्म्यावर आला तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं, ऊठ." डोळे त्यानं पडद्याबाहेर येऊन उघडले. आपण बेशुद्ध पडलो नाही याचा त्याला इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत तो छाती काढून चालत होता.

मंगळवारी रिपोर्ट आला. नाव त्याचं, वय त्याचं. शुगर तीनशे बारा. शेजारी कंसात बारीक अक्षरांत छापलं होतं की उपाशीपोटी ती शंभरच्या आत हवी.

त्यानं तो आकडा पाच वेळा वाचला. मग खाली बसला. ह्यावेळी रक्त दिसलं नव्हतं, तरी बसला.

"रक्तगट पण वेगळाच आहे," थोड्या वेळानं तो कसाबसा म्हणाला. "बी पॉझिटिव्ह लिहिलंय. शाळेच्या आयकार्डावर ओ होता."

"तुमच्या शाळेतल्या क्लार्कनं अख्ख्या शाळेला ओ पॉझिटिव्ह लिहिलं होतं," ताई म्हणाली. "माझ्या मैत्रिणीच्या जुळ्या भावांना, शिपायाला, सगळ्यांना." तिनं हे हसत म्हटलं, पण रिपोर्ट खाली ठेवण्याआधी आकडा परत एकदा वाचला. आईनं उठून साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि मग तिथूनही काढून कपाटात, साड्यांच्या मागे.

नेमका त्याच वेळी जिन्यात टाइमकीपर काकांचा आवाज दुमदुमला. "शहाऐंशी! पाच वर्षांत पहिल्यांदा! शहाऐंशी!" ते प्रत्येक मजल्यावर थांबून कागद दाखवत होते. "गोळ्या बंद. उलटं चालणं, दुसरं काही नाही. आज चहात चार चमचे." काकूंनी खरंच चार चमचे घातले. डोळ्यांत पाणी होतं म्हणे त्यांच्या.

बुधवारी सायंटिस्ट दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी आकडा बघितला, मग ह्याच्याकडे बघितलं.

"तहान लागते?"

तोंडाला इतकी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटली होती. "खूप."

"झोप?"

"काल लागलीच नाही."

"घाम? हात थरथरणं?"

त्यानं हात पुढे केले. ते बोलण्याची गरजच ठेवत नव्हते. घाबरलेल्या माणसाला कुठलाही आजार चपखल बसतो, हे कुठल्याच पुस्तकात का लिहीत नाहीत कोण जाणे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ह्या आकड्यावर मी सही करू शकत नाही. पण ह्या वयात एकदम तीनशे बारा, मला पटत नाही. उद्या उपाशीपोटी परत रक्त दे. मग बघू."

"परत?" सायंटिस्टचा आवाज उंदरासारखा निघाला.

"परत."

घरी येऊन त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावलंय. परत रक्त द्यायचं हे सांगितलंच नाही. त्याचा हिशेब असा होता की दोन दिवस साखर उतरवू, चेहऱ्यावर तेज आणू, आणि डॉक्टर नुसतं तेज बघून सही करतील. हिशेब चुकीचा आहे हे त्यालाही कळत होतं. पण सुई आणि चुकीचा हिशेब यांत निवडायचं झालं तर हिशेब टोचत नाही.

मग उपचार सुरू झाले. काकू कुठल्या तरी कडू पाल्याचा हिरवागार रस घेऊन यायच्या आणि तो घशाखाली जाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. आणि संध्याकाळी काका त्याला गच्चीवर न्यायचे. "टाच आधी नाही, चवडा आधी! मागे बघायचं नाही! विश्वास ठेवायचा!" दोघं शेजारी शेजारी उलटे चालायचे. सायंटिस्ट पाण्याच्या टाकीला धडकायचा, काका सफाईनं वळायचे.

चालताना त्याच्या हातात पुस्तक असायचं. कागद पुरे झाले की मुलाखतवजा चार प्रश्न विचारतात असं ऐकलं होतं. पहिलाच धडा होता, नमुना कसा घ्यावा. आधी माणसाला त्याचं नाव विचारा. मग रक्त घ्या. मग त्याच्यासमोर नळीवर चिठ्ठी लावा. आधीच चिठ्ठी लावून ठेवलेली नळी कधीही वापरू नका. हे तो चार दिवस पाठ करत होता. पाठ केलेली गोष्ट माणसाला कळत नाही, ती फक्त पाठ होते.

गुरुवारी काका मधेच थांबले. कठड्यापाशी तांब्या ठेवला होता, तो उचलून एका दमात रिकामा केला. दहा मिनिटांपूर्वीही एक रिकामा केला होता.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"काय होतंय मला? शहाऐंशी आहे." ते कठड्यावर टेकले. ओठ कोरडे पडले होते. सवयीनं त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं, लांब केलं, परत जवळ आणलं. "सहा दहा झाले. चल, दोन फेऱ्या राहिल्यात."

सायंटिस्टनं फोनमध्ये बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानं परत एकदा फोनमध्ये बघितलं. काका वेळ चुकले होते. तासाभरानं. चाळीस वर्षांत जो माणूस मिनिटाला चुकला नाही त्याला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दिसत नव्हतं. आणि पाणी. कालपासून किती तांबे? आणि आपण? आपण एकदाही पाण्याला उठलो नाही. तहान फक्त डॉक्टरांसमोर लागली होती.

पुस्तक त्याच्या हातात उघडंच होतं. आधीच चिठ्ठी लावलेली नळी. सात. तुम्ही जा आधी.

आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसणं. दुसरी म्हणजे बोलणं, आणि बोललं की सगळंच बाहेर येणार होतं, रक्तासकट. त्याला वाटलं, आपण घरी जावं, पांघरूण घ्यावं आणि शनिवारी उठावं. काकांनी पुन्हा मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"काका," तो म्हणाला, "ते तीनशे बारा तुमचे आहेत."

"माझे? मी कशाला घेऊ तुझे?"

"तुम्ही माझ्या नंबरवर गेलात. सात नंबरच्या नळीवर माझं नाव होतं. त्यात तुमचं रक्त गेलं. आणि तुमच्या नळीत माझं."

"तूच म्हणालास, जा म्हणून!"

"घाबरून म्हणालो."

"कुणाला?"

"सुईला."

काकांनी मनगट खाली केलं. "मग ते संस्कार?"

"नव्हते काका."

"आणि माझं उलटं चालणं?"

सायंटिस्टनं हातातलं पुस्तक मिटलं. काकांचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा सुई बरी. जिन्याच्या दारात काकू रसाचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढे आल्या, सायंटिस्टला ओलांडून गेल्या आणि ग्लास काकांच्या हातात दिला. "प्या," म्हणाल्या. "आणि खाली चला. सरळ चालत."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिथल्या तिथे काकांचं बोट टोचून छोट्या मशिनवर बघितलं. तीनशे अठ्ठ्याण्णव. "आणखी चार दिवस असेच चहा प्यायला असतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. गोळ्या चालू झाल्या.

शुक्रवारी सकाळी सायंटिस्ट निघाला तेव्हा काकांचं दार अर्धं उघडं होतं. ते आरामखुर्चीत पडून होते. बोलणार नाहीत असंच त्याला वाटलं. पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. "सहा एक्केचाळीस झाले असतील," म्हणाले. "उशीर झालाय तुला. पळ. आणि ह्या वेळी कुणाला पुढे सोडू नकोस."

ताई सोबत आली होती. लॅबमध्ये नंबर पहिला मिळाला, म्हणजे मागे लपायलाही कुणी पुढे नव्हतं. स्टँडमध्ये नळ्या तयार होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या.

"मला चिठ्ठी लावलेली नळी नको," तो म्हणाला. "कोरी घ्या. आधी नाव विचारा. चिठ्ठी माझ्यासमोर लावा."

बाई सुई हातात धरून थांबल्या. "अठरा वर्षं झाली मला हे काम करून. तू मला शिकवणार?"

"सोमवारी सात आणि आठ उलटे झाले. आठवाल्याला शहाऐंशी शुगर सांगितली तुम्ही. तो गोळ्या सोडून चार चमचे साखर खात होता."

बाईंनी ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. बाई हळूच खुर्चीत बसल्या. मग त्यांनी स्टँडवरच्या नळ्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू अठरा वर्षांच्या सगळ्या नळ्या तिथे उभ्या होत्या. सायंटिस्टला तेव्हा पहिल्यांदा कळलं की सुईच्या ह्या बाजूलाही भीती असते.

त्या उठल्या आणि एकेक चिठ्ठी सोलून काढायला लागल्या. सगळ्या काढल्या. मग कोरी नळी घेतली. "नाव काय तुझं?"

त्यानं सांगितलं.

"दंड पुढे कर. डोळे मीट."

"नाही. बघणार मी."

"अरे, पडशील."

"बघितलं नाही तर कुणाचं कुणाला गेलं ते कळणार कसं?"

ताईनं त्याचा दुसरा हात धरला. सुई आत गेली. त्याला वाटलं होतं लालभडक असेल. ते गडद होतं, जवळजवळ काळपट, आणि घाईत नव्हतं. नळी भरत गेली. कानात शिट्टी वाजायला लागली. खोली कडांकडून पांढरी होत आली, तरी त्यानं नजर नळीवरच ठेवली. सुई बाहेर. झाकण. बाईंनी चिठ्ठीवर हातानं लिहिलं, चिकटवलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यानं स्वतःचं नाव अक्षर न् अक्षर वाचलं.

"बरोबर?"

"बरोबर," सायंटिस्ट म्हणाला, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून खाली गेला.

साडेदहाला रिपोर्ट आला. शुगर एक्क्याऐंशी, ओ पॉझिटिव्ह. क्लार्कचा अंदाज निदान एका मुलाच्या बाबतीत तरी खरा निघाला. डॉक्टरांनी सही केली, मग शिक्का सापडेना, मग सापडला, मग शाई वाळलेली. काकांच्या घड्याळात बारा त्रेचाळीस झाले तेव्हा दोघं विद्यापीठाच्या खिडकीसमोर धापा टाकत उभे होते.

बाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चौदाव्या रकान्याशी थांबल्या. ह्या सगळ्या गडबडीत तो रकाना कोराच राहिला होता.

बाईंनी वर बघितलं. त्याच्या कपाळावर उजव्या बाजूला लिंबाएवढं, निळंजांभळं टेंगूळ होतं.

"हे काय?"

"टेबल लागलं."

"कायमचं आहे का?"

"हा इथे शिकणार आहे," ताई म्हणाली. "दर आठवड्याला नवीन येईल. कायमचंच धरा."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या पेननं लिहिलं, कपाळावर टेंगूळ, उजवीकडे. शिक्का बसला. बारा बावन्न.

"आत हॉलमध्ये जा. ओळखपत्रासाठी रक्तगटाची चाचणी आहे. बोटाला टोचतात फक्त. मग चार प्रश्न."

ताई बाहेर थांबली. हॉलमध्ये रांग लहान होती. टेबलावर एक माणूस कोऱ्या काचपट्ट्या घेऊन बसला होता. सायंटिस्टच्या पुढे एक मुलगी होती, हातात सत्तावन्न नंबरचा कागद. कागद फडफडत होता, आणि हॉलमध्ये वारा अजिबात नव्हता.

"सत्तावन्न!"

ती वळली. चेहरा पांढराफटक. गोड हसून म्हणाली, "तुम्हाला घाई असेल ना? जा ना तुम्ही आधी. मला काही नाही."

सायंटिस्टनं तिच्याकडे बघितलं. इतके चांगले संस्कार त्यानं अलीकडेच जवळून बघितले होते.

"नाही," तो म्हणाला. "ज्याचा नंबर त्यानंच जायचं. जा तू. आणि डोळे उघडे ठेव. मी मागेच आहे, मलाही भीती वाटतेय."

ती गेली. सायंटिस्ट तिच्या मागे उभा राहिला, अगदी जवळ, एका हातानं कपाळावरचं टेंगूळ सांभाळत, आणि सतराचा पाढा म्हणायला लागला. पण डोळे त्यानं मिटले नाहीत.